कुदळ, कबर आणि कादंबरी

कॅनडातल्या जेम्स हंटर या लेखकाची ‘द मिस्ट्री ऑफ मार साबा’ ही कादंबरी १९४० साली प्रसिद्ध झाली. मार साबा हा बेथलेहेमच्या पूर्वेला किद्रोन ओढ्याच्या कड्याला बिलगून उभा असलेला पाचव्या शतकातला मठ. कादंबरीत नाझींचे हस्तक एक ग्रीक हस्तलिखित बनवून या मठात पेरतात. मजकूर येशूच्या दफनाला हजर असलेल्या निकदेमाच्या नावावर घातलेला असतो : आपण आणि अरिमथाईकर योसेफाने मिळून येशूचा देह कबरीतून हलवला, अशी कबुली. पुनरुत्थानावरचा विश्वास ढासळला की ब्रिटनचा कणाही मोडेल, असा त्यांचा हिशेब. एका नामांकित विद्वानाला ते हस्तलिखित सापडते आणि तो फसतो. जगभर खळबळ माजते. शेवटी स्कॉटलंड यार्डचे लॉर्ड मोर्टन आणि कंपनी बनावट उघडी पाडतात आणि चर्चच्या घंटा पुन्हा वाजू लागतात.

पुढे १८ वर्षांनी, १९५८ च्या उन्हाळ्यात, मॉर्टन स्मिथ हे कोलंबिया विद्यापीठातले इतिहासकार याच मठाच्या ग्रंथसंग्रहाची यादी करत बसले होते. १६४६ साली छापलेल्या एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर त्यांना हाताने लिहिलेला ग्रीक मजकूर दिसला. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटच्या नावाचे ते पत्र होते आणि त्यात मार्काच्या एका ‘गुप्त’ शुभवर्तमानाचा उल्लेख होता. स्मिथ यांनी पानांचे फोटो घेतले, १९६० साली शोध जाहीर केला आणि १९७३ साली त्यावर दोन पुस्तके लिहिली. पुस्तक १९७६ साली यरुशलेमला नेण्यात आले, तिथे ती पाने त्यातून सुटी करण्यात आली आणि आज ती कुठे आहेत ते ठाऊक नाही. शाईची तपासणी झालीच नाही. पत्र अस्सल आहे असे मानणारे विद्वान आहेत, ते स्मिथ यांनीच रचले असे मानणारेही आहेत. दुसऱ्या पक्षातले काही जण पुरावा म्हणून हंटरच्या कादंबरीकडे बोट दाखवतात : तोच मठ, तसाच बिकट मजकूर, आणि मोर्टन हे नावसुद्धा.

एका रहस्यकथेला विद्वानांच्या वादात साक्षीदार म्हणून उभे केले जावे, असा मान फार थोड्या रहस्यकथांना मिळाला असेल. बायबलच्या भूमीतले उत्खनन, सापडलेली वस्तू, तिच्यामागे लागलेली माणसे आणि पणाला लागलेली श्रद्धा या ऐवजावर उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती कादंबऱ्यांना आता सव्वाशे वर्षे होत आली. मी त्या आवडीने वाचते. लहानपणी घरच्या पवित्र शास्त्राच्या शेवटी जोडलेल्या नकाशांवर यरीहो आणि कफर्णहूम बोटाने शोधणाऱ्या मुलीला या कादंबऱ्या आवडणारच. पण आवडीने वाचलेल्या गोष्टीचा हिशेबही नीट मांडायला हवा, आणि या प्रकाराचा तसा हिशेब मराठीत मांडलेला माझ्या वाचनात आलेला नाही.

या कादंबऱ्यांची दोन घराणी आहेत. पहिल्या घराण्यात जमिनीतून संकट वर येते : एखादा सांगाडा, एखादा शिलालेख, एखादे शुभवर्तमान, जे खरे ठरले तर ईस्टरची पहाट पुसली जाईल. दुसऱ्या घराण्यात जमिनीतून पुरावा वर येतो : कराराचा कोश, नोहाचे तारू, मोशेचा पितळी साप, मार्काच्या शुभवर्तमानाची हरवलेली शेवटची पाने. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट ठळक दिसते. श्रद्धेला बाधक वस्तू शेवटी बनावट निघते आणि श्रद्धेला पोषक वस्तू अस्सल. वाचकाला हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. तरीही तो चारशे पाने वाचतो, कारण उत्कंठा निकालाची नसतेच. बनावट कशी पकडली जाणार, याची असते.

पहिल्या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे गाय थॉर्न. हे टोपणनाव. खरे नाव सिरिल रेंजर गल. त्यांची ‘व्हेन इट वॉज डार्क’ १९०३ साली लंडनमध्ये आली. कॉन्स्टंटाइन शुआबे हा धनाढ्य ज्यू खलनायक ब्रिटिश म्यूझियममधल्या एका कर्जबाजारी पुरातत्त्वज्ञाला मुठीत धरतो आणि यरुशलेमजवळच्या एका कबरीत खोटा ग्रीक लेख कोरून घेतो. येशूचा देह आपण नेऊन लपवला, असे त्या लेखात अरिमथाईकर योसेफ सांगतो. बातमी पसरताच जगाची घडी विस्कटते, गुन्हे वाढतात, बायकांवर अत्याचार होऊ लागतात, आणि एक तरुण पाळक कारस्थान उजेडात आणेपर्यंत हे चालते. लंडनच्या बिशपांनी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या प्रवचनात या पुस्तकाची वाखाणणी केली आणि मग त्याच्या लाखो प्रती खपल्या. आज ते वाचवत नाही. ख्रिस्ताच्या शत्रूचे सोंग ज्यू माणसावर चढवण्याची ती जुनी विषारी सवय पानोपानी दिसते, आणि युरोपात पुढे जे घडले ते ठाऊक असलेल्या वाचकाच्या घशाखाली ते उतरत नाही. हंटरच्या कादंबरीत खलनायक बदलला, ज्यूच्या जागी नाझी आला. रचना मात्र तीच राहिली : बनावट वस्तू बाहेरून येते, शत्रू ती पाठवतो.

ही भीती कुठून आली? पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात स्वतःच सगळे पणाला लावले आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही व्यर्थ, असे तो सरळ सांगतो. इतिहासात घडलेल्या एका घटनेवर आपला सगळा भार टाकणारा धर्म इतिहासाच्या साधनांना घाबरणार आणि त्यांच्याकडे ओढलाही जाणार. एकोणिसाव्या शतकात ही साधने एकाएकी वाढली. जर्मन विद्यापीठांत बायबलच्या पुस्तकांची चिरफाड सुरू झाली होती. टिशेनडॉर्फ यांनी सीनायच्या पायथ्याच्या सेंट कॅथरिन मठात १८४४ आणि १८५९ साली चौथ्या शतकातल्या बायबलची पाने मिळवली. १८६५ साली लंडनमध्ये पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड स्थापन झाला. १८८० साली यरुशलेमच्या पोरांना शिलोहच्या तळ्याजवळच्या भुयारात प्राचीन हिब्रू लेख दिसला. हिज्कीया राजाने पाणी आणण्यासाठी खोदलेले म्हणून ओळखले जाणारे हे भुयार. शास्त्रातला राजा, शास्त्रातले पाणी, आणि हाताला लागणारा दगड. भाविकांना वाटले, विद्यापीठाने जे हिरावले ते कुदळ परत देईल.

कुदळीने काही दिलेही. १९६१ साली कैसरियात पंत पिलाताचे नाव कोरलेला दगड मिळाला. १९७९ साली यरुशलेममध्ये हिन्नोम खोऱ्याच्या कडेला चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या मिळाल्या, त्यांवर गणना ६ मधला याजकीय आशीर्वाद कोरलेला होता. मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांहूनही त्या काही शतके जुन्या. १९९३ साली तेल दानच्या शिलालेखात ‘दाविदाचे घराणे’ वाचले गेले. पण त्याच कुदळीने उलटही सांगितले. कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहो खणले आणि शहराच्या तटाचा नाश यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या बराच आधी, इ.स.पू. १५५० च्या सुमारास, झाल्याचे मत मांडले. ख्रिस्ती कादंबरीकार पिलाताचा दगड हौसेने वापरतात. केनियनबाईंचा यरीहो त्यांच्या पुस्तकांत फारसा भेटत नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. बाधक सत्य आणि बनावट यांत फरक असतो. या प्रकाराने बाधक सत्यासाठी जागाच ठेवली नाही.

ती जागा मग इतरांनी घेतली. १९७२ साली आयर्विंग वॉलेस यांची ‘द वर्ड’ आली : रोमजवळच्या ओस्तिया आंतिकाच्या अवशेषांत येशूचा भाऊ याकोब याच्या नावाचे शुभवर्तमान सापडते, आणि नव्या बायबलची जाहिरात करायला नेमलेला माणूस ते खरे की खोटे याच्या मागे लागतो. प्रकाशक, छापखाने, चर्चचे राजकारण आणि पैसा यांचे जे चित्र वॉलेस काढतात ते भाविक लेखकांना साधलेले नाही. चार्ल्स टेम्पल्टन यांची ‘ॲक्ट ऑफ गॉड’ १९७७ ची. टेम्पल्टन हे एके काळी बिली ग्रॅहम यांचे सहकारी सुवार्तिक, पुढे श्रद्धा सुटलेले. त्यांच्या पुस्तकात येशूची हाडे सापडल्याची बातमी घेऊन पुरातत्त्वज्ञ आपल्या जुन्या मित्राकडे, एका कार्डिनलकडे, येतो. श्रद्धा गमावलेल्या माणसाने लिहिलेली ही कादंबरी तिच्यातल्या कार्डिनलला मात्र सहानुभूतीने वागवते. रिचर्ड बेन सपीर यांची ‘द बॉडी’ १९८३ ची, तिच्यावर पुढे चित्रपटही झाला. आणि २००३ चा ‘द दा विंची कोड’ मराठी वाचकाला सांगायलाच नको. त्यावरचा चित्रपट २००६ साली आला तेव्हा मुंबईतल्या ख्रिस्ती संघटनाही निषेधाला उतरल्या होत्या. पण त्या पुस्तकात उत्खनन जवळजवळ नाही. चित्रे, कोडी आणि धावपळ आहे. मातीला हात न लावता लिहिलेले ते पुस्तक आहे.

भाविकांच्या बाजूने या सगळ्याला सर्वांत जाणते उत्तर दिले ते पॉल मायर यांनी. मायर हे वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात प्राचीन इतिहासाचे प्राध्यापक होते, ल्यूथरन पंथाचे, योसेफस आणि युसेबियस यांचे ग्रंथ इंग्रजीत आणणारे. त्यांची ‘अ स्केलेटन इन गॉड्स क्लॉझेट’ १९९४ साली आली. जोनाथन वेबर हा हार्वर्डचा प्राध्यापक यरुशलेमच्या उत्तरेला रामा इथे उत्खननात सामील होतो. एका कबरीत सांगाडा सापडतो, सोबत लेख असतात, आणि सगळे बोट एकाच माणसाकडे दाखवू लागते. इथून पुढे जे येते त्यासाठी मी हे पुस्तक दोनदा वाचले. वेबर स्वतः श्रद्धावान आहे, आणि तरीही आपल्याला हवा तो निकाल लागावा म्हणून घाई करत नाही. थर तपासतो. खापरांचा काळ ठरवतो. कर्ब-१४ साठी नमुने पाठवतो. अक्षरांची वळणे पाहतो. हाडांवरच्या जखमा वैद्यकतज्ज्ञाला दाखवतो. प्रत्येक चाचणी त्याच्या श्रद्धेच्या विरोधात जाते आणि तो ती लपवत नाही. पोप अस्वस्थ, चर्च रिकामी, लोक रस्त्यावर, आणि हा माणूस प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसलेला. गोळीबाराविना चढत जाणारी अशी उत्कंठा या प्रकारात दुसरीकडे क्वचितच भेटते.

आणखी एक गोष्ट मायर यांनी केली. त्यांच्या कादंबरीत फसवणूक शत्रूच्या देशातून येत नाही. ती उत्खननाच्या आतून, ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे अशा जागेवरून येते. उत्तम बनावट करायला उत्तम ज्ञान लागते, हे त्यांना अभ्यासक म्हणून ठाऊक होते. थॉर्न आणि हंटर यांच्या मळलेल्या वाटेवरून जाताना मायर यांनी टाकलेले हे पाऊल माझ्या मते या साऱ्या परंपरेतले सर्वांत मोठे. पात्रांच्या बाबतीत ते कच्चे आहेत. वेबर नको इतका गुणी आहे, प्रेमकथा पुठ्ठ्याची आहे, संवादात वर्गात शिकवल्याचा सूर लागतो. पुढे ते स्वतः दुसऱ्या घराण्याकडे सरकले. २०११ च्या ‘द कॉन्स्टंटाइन कोडेक्स’मध्ये मार्काचा हरवलेला शेवट आणि प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा भाग सापडतो. वाचायला मौज आहे, पण पहिल्या पुस्तकात जो धोका त्यांनी पत्करला तो इथे नाही.

दुसऱ्या घराण्यावर फार रेंगाळण्यासारखे नाही. बोडी आणि ब्रॉक थोनी यांच्या १९८६ च्या ‘द गेट्स ऑफ झायन’मध्ये मृत समुद्राच्या गुंडाळ्या आणि इस्रायलचा जन्म एकत्र गुंफलेले आहेत. कथन जिवंत आहे, पण त्याच भूमीतल्या अरबांच्या वाट्याला आलेली बाजू फिकी आहे. ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिकेने कोट्यवधी वाचक मिळवलेल्या टिम लाहे यांनी २००३ साली ग्रेग डिनालो यांच्यासह ‘बॅबिलॉन रायझिंग’ सुरू केली. नायक मायकल मर्फी हा बायबलचा पुरातत्त्वज्ञ, शोध हिज्कीयाने फोडलेल्या पितळी सापाच्या तुकड्यांचा. पुढच्या पुस्तकात अरारात पर्वतावर तारवाचा शोध. जोएल रोझेनबर्ग यांच्या २००६ च्या ‘द कॉपर स्क्रोल’मध्ये कुमरानची तांब्याची गुंडाळी खजिन्याची वाट दाखवते. या लेखकांना भविष्यवाणीची घाई असते. वस्तू सापडली की ती लगेच युगान्ताच्या वेळापत्रकात बसवायची असते, म्हणून खंदकात कोणी थांबत नाही. मर्फीला गुहेत शिरून वस्तू घेऊन बाहेर पडताना पाहिले की माझ्या मनात प्रश्न येतो : थराची नोंद कोणी केली? शेजारची खापरे कुठे गेली? कोणत्या देशाच्या कायद्याने ती वस्तू त्याच्या पिशवीत आली?

हा प्रश्न नुसत्या शिस्तीचा नाही. गेल्या दीडशे वर्षांत खऱ्या जगात जे घडले ते या प्रश्नाभोवतीच घडले, आणि कादंबऱ्यांनी ते पाहिले नाही.

१८८३ साली मोझेस शापिरा हा यरुशलेमचा जुन्या वस्तूंचा व्यापारी, ज्यू कुटुंबात जन्मलेला आणि ख्रिस्ती झालेला, चामड्याच्या पट्ट्या घेऊन लंडनला आला. त्यांवर अनुवाद या पुस्तकाचा वेगळाच पाठ होता, दहा आज्ञांसह. मागणी होती दहा लाख पौंडांची. ब्रिटिश म्यूझियमने दोन पट्ट्या लोकांना पाहायला मांडल्या, पंतप्रधान ग्लॅडस्टनही येऊन गेले. मग विद्वानांनी त्या बनावट ठरवल्या. याच माणसाने पूर्वी बर्लिनला खोटी मवाबी मातीची भांडी विकली होती, तेही आठवले गेले. १८८४ च्या मार्चमध्ये रॉटरडॅमच्या एका हॉटेलात शापिराने स्वतःवर गोळी झाडली. पट्ट्या पुढे लिलावात गेल्या आणि नाहीशा झाल्या. २०२१ साली इदान डर्शोविट्झ या अभ्यासकाने त्या अस्सल असाव्यात असा युक्तिवाद मांडला आणि वाद पुन्हा पेटला. मूळ पट्ट्या हातात असत्या तर आज काही चाचण्यांत निकाल लागला असता.

२००२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ’ असा अरामी लेख असलेली दगडी अस्थिपेटी जगापुढे आली. ती उत्खननात मिळालेली नव्हती, एका संग्राहकाकडे होती. पुढच्याच वर्षी इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने लेख बनावट ठरवला. खटला वर्षानुवर्षे चालला आणि मार्च २०१२ मध्ये संग्राहक बनावटीच्या आरोपातून सुटला. न्यायाधीशांनी स्पष्ट केले की सुटका म्हणजे लेख अस्सल असल्याचा दाखला नव्हे. कादंबरीत शेवटचे प्रकरण असते. या पेटीला अजून ते मिळालेले नाही.

आणि मग वॉशिंग्टन. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे म्यूझियम ऑफ द बायबल उघडले. हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीची मालकी असलेल्या ग्रीन कुटुंबाने ते उभारले. सच्चे, दानशूर, बायबलवर जीव असलेले लोक. त्याच वर्षी इराकमधून तस्करीने आलेल्या वस्तूंच्या खरेदीबद्दल त्यांच्या कंपनीने ३० लाख डॉलर भरायचे आणि सुमारे ५,५०० वस्तू सोडून द्यायच्या असे अमेरिकी सरकारशी ठरले. खोक्यांवर फरशांचे नमुने असल्याची खोटी नोंद होती. संग्रहालयाची शान म्हणजे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे १६ तुकडे. मार्च २०२० मध्ये तपासाचा अहवाल आला : सोळाच्या सोळा बनावट. चामडे बरेचसे प्राचीनच होते, कदाचित जुन्या पादत्राणांचे. पण शाई नंतरची होती. ती प्राचीन भेगांत उतरली होती, फाटलेल्या कडांवरून ओघळली होती. ज्या काळी हे चामडे अखंड होते त्या काळी लिहिलेली शाई भेगेत उतरणार कशी? अशा संशयित तुकड्यांपैकी काही अमेरिकेतल्या इतर ख्रिस्ती शिक्षणसंस्थांनीही विकत घेतले होते.

हा तपास संग्रहालयाने स्वतः करवून घेतला आणि अहवाल स्वतः जगापुढे ठेवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. वेबरने केले असते तेच त्यांनी केले, उशिरा का होईना. पण इथेच मला या कादंबऱ्यांशी भांडण मांडावेसे वाटते. थॉर्नपासून लाहेपर्यंत बहुतेक सगळे सांगत आले की बनावट वस्तू अविश्वासू लोक बनवतात आणि विश्वासणाऱ्यांवर फेकतात. प्रत्यक्षात बनावट वस्तू विश्वासणाऱ्यांच्या दारात आल्या, त्यांच्याच पैशाने आल्या, आणि त्यांना हवे तेच सांगत आल्या. त्या सोळा तुकड्यांत पुनरुत्थान नाकारणारा एकही नव्हता. शंभर वर्षे ज्या वाचकांना समोरच्या दारावर पहारा द्यायला शिकवले, त्यांचे मागचे दार सताड उघडे होते.

भूक असलेल्या माणसाला फसवणे सोपे, ही गोष्ट अविश्वासाच्या बाजूलाही तितकीच लागू आहे. २०१२ साली हार्वर्डच्या केरन किंग यांनी ‘येशूची पत्नी’ असा उल्लेख असलेला कॉप्टिक तुकडा जाहीर केला. २०१६ साली एका पत्रकाराने तुकड्याच्या मालकाचा माग काढला तेव्हा किंग यांनीही तो बहुधा बनावट असल्याचे मान्य केले. पत्रकाराने शाई तपासली नव्हती. ही वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती आली, एवढेच विचारले होते. भारताच्या वाट्यालाही असे एक प्रकरण आले आहे. लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी आपण ऐकली, असे निकोलाय नोटोविच यांनी १८९४ साली लिहिले. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस थेट हेमिसला गेले आणि तिथल्या मुख्य लामांनी अशी पोथी नाही आणि असा पाहुणा आलाच नाही, असे सांगितले. ती कथा आजही पुस्तकांच्या दुकानांत नव्या वेष्टनात विकली जाते.

या सगळ्या कादंबऱ्यांत मला एका माणसाची उणीव भासते : जमीन खणणाऱ्याची. कुमरानची पहिली गुहा १९४६-४७ च्या हिवाळ्यात बेदुइन मेंढपाळांना सापडली, मोहम्मद एद-दिब या पोराचे नाव त्या गोष्टीत येते. शिलोहचा लेख पोरांना दिसला. चांदीच्या गुंडाळ्यांची ती कबर उघडली, तेव्हाही मदतीला आलेल्या शाळकरी मुलाचा हात त्यात होता. कादंबरीत मात्र शोध लावतो तो अमेरिकेहून आलेला प्राध्यापक. स्थानिक माणूस उंट हाकतो, गूढ इशारा देतो किंवा पाठीत सुरा खुपसतो. ज्या गावाखाली ते प्राचीन गाव आहे तिथल्या लोकांना या गोष्टीत काय वाटते, हे विचारणारा लेखक अजून यायचा आहे.

मराठीत कादंबरी हा प्रकारच एका ख्रिस्ती लेखकाच्या हातून सुरू झाला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. पण ख्रिस्ती पुरातत्त्वाची रहस्यकथा आपल्याकडे लिहायची तर पॅलेस्टाइनपर्यंत जायची गरज नाही. जुन्या गोव्यात ती उघड्यावर पडलेली आहे.

जॉर्जियाच्या काखेती राज्याची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्म सोडायला तिने नकार दिला आणि १६२४ साली शिराझ इथे हाल करून तिला मारण्यात आले. ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले, त्यांतले काही १६२७ साली गोव्यात आणले आणि होली हिलवरच्या आपल्या मठात दगडी पेटीत ठेवले. १८३५ साली मठ बंद पडला, काही वर्षांनी चर्चचे छत कोसळले, १९३१ साली बुरुजाचा मोठा भाग ढासळला. राणी ढिगाऱ्याखाली गेली. पेटी कोणत्या खिडकीपाशी ठेवली याची खूण जुन्या पोर्तुगीज कागदांत होती. जॉर्जियाहून पथके येत राहिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसला, कागदातली ती खिडकी प्रत्यक्षात कोणती हे ताडून पाहिले आणि अखेर हाडे हाती आली.

पुढचे काम हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेत झाले. तीन हाडांमधून मातृवंशाचा डीएनए काढला गेला. एका हाताच्या हाडात यू१बी हा वंशगट निघाला. सुमारे २२ हजार भारतीय नमुन्यांत तो एकदाही आढळला नव्हता, आणि जॉर्जियातल्या ३० नमुन्यांपैकी दोनांत तो होता. संशोधकांनी निष्कर्ष जपून लिहिला : हे हाड राणी केतेवानचे असण्याची दाट शक्यता आहे. मायर यांच्या वेबरने ते वाक्य असेच लिहिले असते. २०२१ च्या जुलैत भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीत ते अवशेष जॉर्जियाच्या हवाली केले. तिथल्या चर्चमध्ये केतेवान संत आहे.

त्याच जागेवर मिळालेल्या दुसऱ्या दोन हाडांत भारतीय वंशगट निघाला. मठातलेच कुणी असतील, आसपासच्या गावांतले असतील, साथीच्या रोगात गेलेले असतील. संशोधनाच्या लेखात त्यांना नाव नाही, फक्त क्रमांक आहेत.